माझ्या मापाचा पंप

एसटी वळणावर दिसली तरी आई सईला माझ्या हातात द्यायला तयार नव्हती. नितीन, माझा नवरा, दोन्ही खांद्यांना बॅगा लटकवून रस्त्यात उभा राहून हात करत होता. कंडक्टर दारातून "चला वयनी, चला" म्हणून ओरडत होता. आणि आई आपली पदराच्या टोकाने चार महिन्यांच्या नातीच्या कानामागची तीट नीट करत बसलेली. शेवटी मी सईला जवळजवळ ओढूनच घेतली. तेव्हा आई खिडकीपाशी आली, हळिवाच्या लाडवांचा डबा आत सरकवला आणि म्हणाली, "दूध आटला तर हट करू नको हां. चेडवाक माझ्याकडे धाड. तू आपली नोकरी कर. गणपतीक येशीत, शिमग्याक येशीत, तेव्हा बघशीतच मा तिका."

सईला गावीच ठेव, हे ती मायेनेच म्हणाली, मला माहीत आहे. पण कुडाळ येईपर्यंत मी खिडकीबाहेर तोंड करून रडत होते. नितीनला वाटलं, बाळंतपणाचं माहेर सुटलं म्हणून. माहेर सोडून मी काय पहिल्यांदा निघाले होते? डिप्लोमा झाल्यावर नोकरीसाठी एकटी निघाले तेव्हा याच वळणावर मी उड्या मारत एसटीत चढले होते. या खेपेला मला भीती घातली ती 'गणपतीक येशीत' या दोन शब्दांनी.

पोरींनो, आपल्या शाळेच्या ग्रुपवर परवा मनालीने पुण्याहून विचारलं, "ब्रेस्ट पंप कुठला घेऊ? पटकन सांगा." मी दोन ओळींत उत्तर द्यायला बसले आणि हे एवढं रामायण झालं. ज्या अजून वाडीतच आहात त्यांनी वाचा, ज्या माझ्यासारख्या पुण्या-मुंबईला, गोव्याला, दुबईला गेलात त्यांनी तर वाचाच. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. का, ते पुढे कळेल.

'गणपतीक येशीत'चं दुखणं तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्या वाडीतले निम्मे बाप मुंबईला होते. माझे बाबा आधी गिरणीत आणि गिरणी बंद पडल्यावर मालाडला वॉचमन. वर्षातून दोनदा यायचे. मी चार वर्षांची असेन, गणपतीच्या आदल्या दिवशी अंगणात ट्रंक घेऊन एक माणूस उभा राहिला आणि मी धावत आत जाऊन ओरडले, "आये, पाव्हणो इलो!" सगळे हसले. बाबाही हसले. पण ते चप्पल काढून बराच वेळ पडवीतच बसून राहिले, आत आले नाहीत. बाबा वाईट नव्हते गं. येताना माझ्यासाठी रिबिनी आणायचे, आणि रिबिनीचा रंग मला आवडतो की नाही ते विचारायलाही लाजायचे. माझी त्यांच्याशी नीट ओळख झाली तेव्हा ते आजारी होऊन कायमचे घरी आलेले होते, आणि मग फार दिवस राहिले नाहीत.

मला माझ्या पोरीची पाहुणी व्हायचं नव्हतं. एवढी एकच गोष्ट होती. आणि नोकरीही सोडायची नव्हती. ती मी कोणाच्या चिठ्ठीने मिळवली नव्हती, स्वतःच्या जिवावर मिळवली होती. तेव्हा सईने माझंच दूध प्यायचं, माझ्याच घरात राहायचं आणि मी कामावर जायचं, या तिन्ही गोष्टी मला हव्या होत्या. लोक म्हणाले, हावरट आहेस. असेन. होतेच.

माझं काम म्हणजे काय ते वाडीत कोणालाच धड कळलेलं नाही. आई सगळ्यांना सांगते, "रबराच्या कंपनीत सायबीण आसा." साहेबीण वगैरे काही नाही. मरोळला एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. रबराच्या आणि सिलिकॉनच्या सील, व्हॉल्व्ह, वॉशर असल्या वस्तू बनतात. मी क्वालिटीला आहे. तयार झालेली सील मशीनवर लावायची, हवा ओढायची, गेज बघायचा. काटा टिकला तर पास, पडला तर नापास. दिवसभर हेच. मी तिथे लागले तेव्हा क्वालिटीला मी एकटीच बाई होते आणि पोरं पैजा लावायची की ही दिवाळीपर्यंत टिकत नाही. पैज लावणारे सगळे गेले, मी आहे.

तर पंप. घाटकोपरला आल्या आल्या शोध सुरू झाला, आणि बाई गं, लग्नाला मुलगा बघणं परवडलं. आम्ही राहतो असल्फ्याच्या टेकडीवर, एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात मी, नितीन, सई आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी मम्मी म्हणते. मम्मी जन्मापासून घाटकोपरच्या, जीभ कात्रीसारखी पण मन साफ. त्यांनी पहिल्याच दिवशी नणंदेचा जुना पंप माळ्यावरून काढून दिला. "माझ्या लेकीचा आहे. चांगला चालतोय. नवा कशाला?" मी त्याची नळी उजेडात धरली तर आत काळे ठिपके. दूध नळीतून मोटरपर्यंत जात होतं, आणि मोटर काही धुता येत नाही. मी म्हटलं, "मम्मी, हा नापास." त्या फुगल्या. म्हणाल्या, "आमच्या वेळी असली थेरं नव्हती, तरी तुझा नवरा सहा फुटी झालाच ना?"

मग केमिस्टकडे गेले. "ब्रेस्ट पंप दाखवा" म्हटल्यावर त्याने आधी दुकानात कोण कोण आहे ते बघितलं. मग खालच्या कप्प्यातून रबरी भोपू लावलेली काचेची वस्तू काढली आणि मी नीट बघायच्या आत कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत टाकली. मी म्हटलं, "दादा, चोरीचा माल आहे का? काढा बाहेर, बघू दे तरी." मागच्या रांगेतल्या बाया खुदुखुदु हसल्या. त्या भोपूचं रबर इतकं कडक की आमच्याकडे असलं रबर आलं असतं तर डिसोझा सरांनी परत पाठवलं असतं. डिसोझा सर म्हणजे आमचे मॅनेजर, मरोळ गावठाणातले, रबराच्या बाबतीत कोणाचं ऐकत नाहीत.

नितीनला मोबाइलवरचा हवा होता. ब्रामध्येच बसतो, वायर नाही, नळी नाही, किती दूध आलं ते अ‍ॅप सांगतं. तो रिव्ह्यू वाचून वाचून माझ्यापेक्षा हुशार झाला होता. "रेश्मा, झकास आहे यार. मीटिंगमध्ये बसून पण चालवता येतो."

"माझी मीटिंग मशीनसमोर उभी असते," मी म्हटलं. "खाली वाकले आणि सांडलं तर काय अ‍ॅप पुसणार आहे?"

शेवटी मी निवडला तो असा: दोन्ही बाजूंना एकदम लागणारा, चार्जिंगवाला, दूध आणि मोटर यांच्या मध्ये पडदा असलेला, म्हणजे मोटरमध्ये दुधाचा थेंब जाणार नाही. आणि ज्याचे व्हॉल्व्ह, पडदे सुटे मिळतात, कारण रबर म्हटलं की ते कधीतरी सैल पडणारच, हे माझ्याइतकं कोणाला माहीत? डबा उघडून मी तो पडदा दोन बोटांत धरून ताणून बघितला. माल चांगला होता. सगळं जोडलं, ऐटीत बसले, बटण दाबलं.

आणि आलं काय? तळ झाकेल एवढंही नाही. वर दुखलं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर पंप नुसता खर्रखर्र करत राहिला आणि मी बाटलीकडे बघत राहिले. सई अंगावर मात्र पोटभर पीत होती, पिऊन हसत होती. पण कामावर मी सईला घेऊन जाणार नव्हते, पंप घेऊन जाणार होते.

घरात निकाल लागला. मम्मींनी पावडरच्या दुधाचा डबा आणून फळीवर ठेवला. नितीन म्हणाला, "टेन्शन नको घेऊ ना, टेन्शनने कमी होतं म्हणतात." म्हणजे आता टेन्शन आलं म्हणूनही टेन्शन. आणि आईला मम्मींनी फोनवर सांगितलंच. तासाभरात आईचा मला फोन. आवाजात काळजी होती, पण आतून कुठेतरी उजळलेली वाटली. "मी तुका सांगलंय मा? आमची गाय व्याली हा. दूध आसा भरपूर. रजा संपली की तू कामाक लाग, मी न्हेवक येतंय." तिने सईला न्यायची तारीखसुद्धा ठरवली होती.

मी "बघू" म्हटलं आणि फोन ठेवला. मग मोरीचं दार लावून घेतलं आणि हमसून हमसून रडले. पंपात दूध येत नाही म्हणजे मीच नापास, असंच वाटत होतं. माझी पोर माझ्याशिवाय माझ्या माहेरी वाढणार आणि मी ट्रंक घेऊन अंगणात उभी राहणार, हे मला समोर दिसत होतं.

कामावर रुजू झाले त्या पहिल्या दिवशी मी पंप पिशवीतून घेऊन गेले. जेवणाच्या सुट्टीत सगळे गेल्यावर नळी काढून आमच्या गेजला जोडली आणि पंप चालू केला. काटा सरसर चढला आणि जाऊन थांबला, हललाच नाही. सगळ्या व्हॉल्व्हना साबणाचं पाणी लावून बघितलं, कुठे बुडबुडा नाही. मशीन एकदम पास. मी तशीच बघत उभी, तेवढ्यात मागून डिसोझा सर. मला वाटलं, वाट लागली. त्यांनी पंप बघितला, गेज बघितला, माझ्याकडे बघायचं मात्र टाळलं. घसा खाकरून म्हणाले, "व्हॅक्यूम ओके?"

"ओके सर."

"मग फिक्स्चर बघ." आणि चालते झाले.

पोरींनो, हे वाक्य ते रोज दहा जणांना म्हणतात. फिक्स्चर म्हणजे ज्याच्यात सील बसवतो तो साचा. सील चांगली, मशीन चांगलं, तरी काटा पडतो, तेव्हा नव्वद टक्के वेळा साचा मापाचा नसतो. सर बिचारे सवयीने बोलून गेले असतील. पण मी जागच्या जागी हबकले. माप! मी कंपनीत माणसांवर ओरडते, "माप घेतलंस का आधी?" आणि स्वतःच्या बाबतीत डब्यात जे फनेल, म्हणजे छातीला लावायची वाटी, आलं ते लावून मोकळी झाले. जगातल्या सगळ्या बाया एकाच मापाच्या असल्यासारखी. चपलेला नंबर असतो, बांगडीला माप असतं, बांगडी घालताना कासारीण आधी हात दाबून बघते. आणि हे असं नाजूक काम, ते बिनमापाचं?

त्या दिवशी मी व्हर्नियर घरी घेऊन आले. व्हर्नियर म्हणजे ती स्टीलची पट्टी, दोन चोचींमध्ये वस्तू धरून केसाइतका फरक मोजणारी. सरांना सांगून आणला, कशाला ते नाही सांगितलं. मोरीत जाऊन कडी लावली. स्टील असलं गार, की मी किंचाळलेच. बाहेरून मम्मी, "काय झालं गं? पाल आहे का?" मी म्हटलं, "नाही मम्मी, माप घेतेय."

दोन्ही बाजूंचं माप घेतलं. डब्यातलं फनेल माझ्यापेक्षा चांगलंच मोठं निघालं. म्हणून ते नुसतं आजूबाजूचं मांस आत ओढत होतं आणि दूध जिथून यायचं तिथे पकडच नव्हती. लहान फनेल मागवलं. ते आलं, लावलं, बटण दाबलं. आधी काही नाही. मग एक बारीक चिळकांडी, मग दुसरी, आणि मग टपटप, टपटप. दोन्ही बाटल्या अर्ध्याच्या वर गेल्या तेव्हा मी नितीनला अशी हाक मारली की शेजारची काकूपण आली. मम्मींनी बाटली उजेडाकडे धरून बघितली. "आहे की दूध," म्हणाल्या, जणू मीच नाही म्हणत होते. पावडरचा डबा त्यांनी त्याच दिवशी फळीवरून उतरवला आणि खालच्या मजल्यावर देऊन आल्या.

तर मनाली, उत्तर हे आहे. कुठल्या कंपनीचा ते नंतर. आधी स्वतःचं माप घे.

मरोळला मला पंप लावायला जागा मिळाली सॅम्पल रूमची. खिडकी नाही, पण कडी आहे, पंखा आहे, प्लग आहे. डिसोझा सरांनी तोंडाने काही विचारलं नाही. टेस्टिंगच्या मशीनवर लावायची पाटी असते, 'टेस्टिंग चालू आहे, आत येऊ नये', ती त्यांनी आणून त्या दारावर टांगली. पॅकिंगची शबनम, तीन पोरांची आई, बाहेर राखणीला उभी राहायची आणि कोणी आलंच तर म्हणायची, "मॅडम का टेस्टिंग चालू है, बाद में आ." मग बाटल्या बर्फाच्या पिशवीत, पिशवी पाठीवर, आणि संध्याकाळी मरोळ नाक्याहून मेट्रोने घरी. ती पिशवी मी कधी खाली ठेवली नाही. बायका विचारायच्या, काय आहे एवढं? मी सरळ सांगायचे, दूध आहे, पोरीचं. कशाला लाजायचं? माझ्या अंगाने मी कमावलेलं आहे.

आणि मग आई आली. मी नको म्हटलं होतं, दूध येतंय म्हणून दहादा सांगितलं होतं, तिला खरं वाटलं नव्हतं. उकड्या तांदळाचं गाठोडं, आमसुलं आणि सईला नेताना गुंडाळायला नवी शिवलेली गोधडी घेऊन आली. घरात शिरताच गोधडी खाटेवर पसरून ठेवली. दुसऱ्या दिवशी मला कामावर जाणं भाग होतं. मम्मी होत्याच घरात, त्यांना बाटली कशी द्यायची ते पाठ होतं, म्हणून मी निर्धास्त गेले. पण दुपारी मम्मींच्या दाढेने उचल खाल्ली आणि त्या डॉक्टरकडे गेल्या.

संध्याकाळी जिन्यातूनच सईचं रडणं ऐकू आलं. आत गेले तर आई तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालतेय, आणि ओट्यावर टोप. टोपात माझं दूध. फ्रिजमधल्या सगळ्या बाटल्या तिने टोपात ओतून गॅसवर खळखळून उकळल्या होत्या. वर पिवळट तवंग, खाली पाण्यासारखं पांढुरकं, आणि घरभर वास.

"नासला गो तुझा दूध," आई रडवेली होऊन म्हणाली. "चेडू तोंड लावना नाय. म्हणान मी सांगा होतंय..."

"आये, तू हे तापवलंस?"

"मगे? कच्चा दूध पोराक कोण घालता?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सकाळचं, कालचं, सॅम्पल रूममध्ये बसून थेंब थेंब जमवलेलं सगळं. मी ओरडले, "अगं, मला पाजलंस तेव्हा कुठे तापवलं होतंस? गॅसवर बसली होतीस का तू?"

आईला ते कळायला एक क्षण लागला आणि मग तिच्या तोंडातून फुस्सकन हसू आलं. ते तिला आवरेना. पदर तोंडाला लावून ती हसत होती, मी ओरडता ओरडता हसायला लागले, आणि दोघींच्या मध्ये सई बोंबलत होती. मी तिला घेतली आणि पाजायला बसले. ती अशी काही तुटून पडली की घरात एकदम शांत झालं.

आईने टोप उचलला. मला वाटलं मोरीत ओतेल. तिने तो गॅलरीत नेला आणि कढीपत्त्याच्या कुंडीत ओतला. "अंगावरचा दूध मोरीत घालू नये," म्हणाली. मग माझ्यासमोर फरशीवर येऊन बसली.

सईला एका बाजूला धरून मी दुसऱ्या बाजूला पंप लावला, कारण दूध भरून आलं होतं आणि मला आईला दाखवायचंही होतं. हो, दाखवायचं होतं. खोटं कशाला बोलू? ती वाकून बघत होती. दूध फनेलातून उतरत होतं, बाटलीत चढत होतं. थांबल्यावर मी बाटली तिच्या हातात दिली. तिने ती दोन्ही हातांत धरली.

"ऊन आसा," ती म्हणाली.

मग ती जे बोलली ते तिने मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. मी लहान असताना ती लोकांच्या शेतात लावणीला जायची. मला थोरल्या चुलत बहिणीकडे ठेवून. दुपारपर्यंत दूध असं भरायचं की चोळी भिजायची, वाकवायचं नाही. मग ती बाकीच्या बायांपासून जरा लांब जायची आणि बांधावर दूध पिळून टाकायची. तेव्हा मी घरी पेजेचं पाणी पीत असायचे. "मातयेत घालय होतंय गो," ती म्हणाली. "तू घराक उपाशी आणि मी थंय मातयेत घालय होतंय. ह्या आसता तेव्हा, तर..." तिने बाटली फ्रिजमध्ये ठेवली. स्वतः उठून, दार दोनदा दाबून बंद केलं.

त्यानंतरचे दिवस आई दुकान मांडल्यासारखी त्या फ्रिजची राखण करत होती. बाटली कोमट पाण्यात किती वेळ ठेवायची ते तिने मम्मींकडून शिकून घेतलं आणि आता मम्मींनाच शिकवायला लागली. "विहीणबाय, वायच थांबा, अजून ऊन झाला नाय." मम्मी मला डोळ्यांनी खुणावत, बघ तुझी आई. फोनवर आई वाडीतल्या सगळ्यांना सांगत होती, "माझा चेडू कंपनीत बसान दूध काढता, बर्फात घालता आणि घराक आणता. काम सोडूक नाय, पोर पण सोडूक नाय." मी आतून ऐकत होते. डिप्लोमाच्या निकालाला ती एवढं बोलली नव्हती.

तिचा जायचा दिवस आला. तिने गाठोडं बांधलं. सईला नेण्याचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. गोधडी मात्र खाटेवरच राहिली. मी म्हटलं, "आये, गोधडी राहिली."

"तिका ऱ्हवांदे." मग माझ्याकडे न बघता, "मी तिका न्हेवक इल्लंय ता दुधासाठी नाय गो. घर खावक येता. सांजवेळा दिवो लावलो की बोलाक कोण नाय. म्हटलंय, पोर आसला तर..."

मी इतके दिवस माझ्याच भीतीत होते. माझी पोर मला परकी होईल, एवढंच मला दिसत होतं. त्या घरात आई एकटी बसलेली मला दिसली नव्हती. मी तिच्याशेजारी बसले आणि म्हटलं, "मग तू जातेस कशाला? रहा ना इथे."

आईने चमकून बघितलं. "तुझो बापूस इतकी वर्सां मुंबयत ऱ्हवलो," ती म्हणाली, "एकदा म्हणाक नाय, चल माझ्याबरोबर." तिचे डोळे भरले होते. "जागा नव्हती, काय करतलो? पण म्हणाक तरी होया होता."

"मी म्हणतेय. रहा."

जागा आमच्याकडेही नाहीच आहे. मम्मी आतून ओरडल्या, "विहीणबाई, राहा मुकाट. मला दुपारी दाढ काढायला जायचं असतं, घरात माणूस नको का?" त्यांची दाढ तर केव्हाच काढून झाली होती. नितीनने गाठोडं उचलून पुन्हा माळ्यावर टाकलं. आईने दोनदा, गाय आहे, वासरू आहे, तांदूळ पाखडायचा राहिलाय, असं काही काही सांगून बघितलं. मग माझ्या काकीला फोन करून गाय सांभाळायला सांगितली आणि कढीपत्त्याला पाणी घालायला गॅलरीत गेली.

सई आता रांगते. मऊ भात खाते, पण माझं दूध अजून तिला हवंच असतं, आणि ते अजून मरोळहून असल्फ्याला माझ्या पाठीवरून येतं. शबनमच्या धाकट्या जावेला दिवस गेलेत. परवा शबनमने तिला सॅम्पल रूम दाखवायला आणलं, आणि मी पाटी टांगून, कडी लावून तिला आधी व्हर्नियर दाखवला. ती पळून जायच्या बेतात होती.

गावाकडे माझं घर आहे का, असं मला कोणी विचारलं तर मी हो म्हणते. विकलेलं नाही, बंद आहे. पण काल मी कामावरून आले तेव्हा आई फोनवर होती. सईला मांडीवर आडवी घेऊन बाटली पाजत होती, फोन खांद्यात धरलेला. पलीकडे काकी असणार, कुठे आहेस म्हणून विचारत. मी चपला काढत होते.

"खंय म्हणजे?" आई फोनवर खेकसली. "हय काय, घराकच आसंय."